चंचल मुलांचा कैवार

शाळेंत एका जागीं स्थिर न बसणाऱ्या मुलासाठीं मराठी भाषेंत नांवांची उणीव कधींच नव्हती. द्वाड, व्रात्य, उनाड, धांदरट, वेंधळा अशीं कितीतरी विशेषणें घरोघरीं वापरांत आहेत. त्यांतलीं कांहीं रागानें योजलीं जातात, कांहीं कौतुकानें. परंतु एक गोष्ट या सर्वांत समान आहे. मुलानें मनावर घेतलें तर तें सुधारेल, आणि ज्याअर्थीं तें सुधारत नाहीं त्याअर्थीं त्याच्या मनांतच नाहीं, असा निवाडा या प्रत्येक शब्दांत आधींच होऊन बसलेला आहे. मुलाचा निवाडा झाला कीं त्यामागोमाग आईचाहि होतो. तिनें लाडावून ठेवलें, किंवा तिला वळण लावतां आलें नाहीं, असें शेजारी म्हणतात आणि कित्येकदां घरचेहि म्हणतात.

आज वैद्यकशास्त्र या स्थितीला अवधानन्यूनता व अतिचंचलता असें म्हणतें, आणि एडीएचडी या चार आद्याक्षरांनीं ती सुशिक्षित कुटुंबांत परिचित झाली आहे. लक्ष टिकत नाहीं, हातपाय स्वस्थ राहात नाहींत, मनांत आलेली कृति क्षणभर थोपवून धरतां येत नाहीं, हीं तिचीं प्रमुख लक्षणें होत. २०२१ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं आजवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन २०८ निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले. त्यांत शेंकडा सुमारें ६ मुलांत आणि अडीच प्रौढांत ही स्थिति आढळते असें नमूद आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून ती मोठ्या अंशीं आनुवंशिक असल्याचेंहि दिसून आलें आहे.

परंतु शास्त्राला एवढें उमगल्यानें मुलाच्या माथ्यावरचा दोष आपोआप उतरला नाहीं. तो उतरविण्याचें काम प्रथम आईबापांनीं, आणि पुढें याच स्थितींत वाढून मोठ्या झालेल्या माणसांनीं हातीं घेतलें. या कामाचा इतिहास मुख्यतः अमेरिकेंत व इंग्लंडांत घडला. तो यशाचा आहे तसाच चुकांचाहि आहे, आणि दोन्ही अंगांनीं तो जाणून घेण्यासारखा आहे.

प्रारंभ अर्थातच डॉक्टरांच्या टिपणांपासून होतो. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनीं १७९८ सालीं मनोविकारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत अवधान आणि अवधानाचे विकार यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कांहीं माणसांत ही दुर्बलता उपजतच असते, ती अगदीं लहान वयांत दिसूं लागते, तिच्यामुळें शिक्षणाच्या कोणत्याहि विषयावर चित्त ठरत नाहीं, आणि वय वाढतें तशी ती बहुधा कमी होते, असें क्रायटन यांचें निरीक्षण होतें. एवढ्या जुन्या काळीं एका डॉक्टरानें मुलाला दोष न देतां त्याची अडचण लिहून ठेवावी, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तथापि त्या प्रकरणाकडे पुढें शंभर वर्षें कोणी फारसें वळून पाहिलें नाहीं.

त्यापेक्षां लोकांच्या मनांत घर केलें तें एका विनोदी चित्रानें. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख हॉफमान यांनीं आपल्या लहानग्या मुलासाठीं रचलेलें सचित्र पद्यांचें पुस्तक १८४५ सालीं छापून निघालें. जेवणाच्या टेबलाशीं खुर्ची झुलवतां झुलवतां टेबलावरच्या कापडासह सारें अन्न जमिनीवर ओढणारा चुळबुळ्या फिलिप त्यांत आहे. जर्मन घरें पिढ्यानपिढ्या या फिलिपला हसलीं. आईबापांना उपास घडला, आणि अपराध अर्थातच फिलिपचा ठरला. मुलाचें वर्णन अचूक होतें. निवाडा मात्र जुनाच राहिला.

मार्च १९०२ मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञांनीं तीन व्याख्यानें दिलीं. त्यांनीं ४३ मुलांच्या हकीकती अभ्यासल्या होत्या. त्यांपैकीं २० मुलांच्या बुद्धींत कांहींच उणें नव्हतें, तरीहि त्यांना स्वतःला आवरतां येत नव्हतें. या वीसांत मुलगे १५ होते व मुली ५. चांगल्या घरांत, नीट देखरेखीखालीं वाढलेल्या मुलांतहि हा प्रकार दिसतो, तेव्हां त्याचें मूळ शरीरांत असलें पाहिजे, असा स्टिल यांचा युक्तिवाद होता. पण या स्थितीला त्यांनीं नांव दिलें तें नैतिक नियंत्रणांतील दोष असें. म्हणजे डॉक्टरांनीं मुलाला दोषमुक्त केलें, आणि डॉक्टरांच्याच शब्दानें त्याला पुन्हां पिंजऱ्यांत उभें केलें!

या इतिहासांत आईबापांचें पहिलें पाऊल पडलें तें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या लहानशा संस्थानांत. जॉर्ज ब्रॅडली या धनिक गृहस्थांची एकुलती एक मुलगी एमा वयाच्या सातव्या वर्षीं मेंदूच्या दाहानें आजारी पडली आणि जन्माची अपंग झाली. तिच्यासारख्या मुलांसाठीं कोठेंहि उपचारगृह नाहीं, हें या मातापित्यांनीं अनुभवलें होतें. त्यांनीं आपली वास्तु व संपत्ति त्या कार्याला ठेवली, आणि त्यांतून १९३१ सालीं एमाच्या नांवानें मुलांचें रुग्णालय उघडण्यांत आलें. याच रुग्णालयांत त्याच घराण्यांतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं १९३७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३० मुलांना त्यांनीं बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. उत्तेजक औषधानें मुलें अधिक उच्छृंखल होतील अशी सामान्य माणसाची अपेक्षा. परंतु घडलें उलट. १४ मुलांच्या शाळेच्या कामांत थक्क करणारी सुधारणा झाली, आणि पुष्कळ मुलें शांत झालीं. गणितें भराभर सुटूं लागलीं म्हणून मुलांनींच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणावयास सुरुवात केली. त्याच स्थितीवर पुढें सर्वांत अधिक वापरलें गेलेलें मेथिलफेनिडेट हें औषध १९४४ सालीं बाझेलच्या सीबा कंपनींत लिआंद्रो पानिझॉन यांनीं तयार केलें, आणि आपल्या पत्नीच्या रिटा या घरगुती नांवावरून त्याला रिटालिन हें नांव मिळालें.

औषध सांपडलें, परंतु स्थितीचें नांव कांहीं स्थिर होईना. १९६० च्या सुमारास डॉक्टर मेंदूची अल्प इजा असें म्हणत. इजेचा पुरावा सांपडेना, तेव्हां इजेच्या जागीं मेंदूच्या कार्यांतील अल्प बिघाड हा शब्द आला. १९६८ सालीं अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत बालपणींची अतिचंचलता नोंदली गेली. कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनीं १९७२ सालीं असें दाखवून दिलें कीं, या मुलांची खरी अडचण धांवपळ ही नसून टिकाऊ अवधान ही आहे. त्यानंतर १९८० सालीं अवधान हा शब्द वर्गीकरणांत आला, आणि १९८७ सालीं आजचें नांव रूढ झालें. या नांवांच्या फेऱ्यांत मुलाच्या आईला मात्र शाळेंत सांगण्यासारखें कांहींच हातीं लागत नव्हतें. जें नांव दर दहा वर्षांनीं बदलतें त्यावर मुख्याध्यापकांनीं विश्वास तरी कसा ठेवावा?

त्यांतच १९७० सालीं एक वादळ उठलें. नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा शहरांत शेंकडा ५ ते १० शाळकरी मुलांना वागणूक सुधारण्यासाठीं औषधें दिलीं जातात, अशी बातमी वॉशिंग्टनच्या एका प्रमुख दैनिकानें छापली. हा आकडा पुढें फुगलेला ठरला. परंतु त्याच वर्षीं सप्टेंबरांत काँग्रेसच्या एका समितीनें या विषयावर साक्षी घेतल्या. शाळा आपली सोय पाहून मुलांना गोळ्यांनीं गप्प बसवीत आहेत, ही शंका तेव्हांपासून लोकांच्या मनांत रुजली, आणि ती सर्वस्वीं निराधारहि नव्हती. लहान मूल स्वतःच्या वतीनें बोलूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें शाळेनें बोलावें, डॉक्टरानें बोलावें, कीं औषध विकणाऱ्यानें बोलावें, हा प्रश्न येथें प्रथम उघडपणें उभा राहिला.

आईबापांची पहिली चळवळ या औषधांविषयींच्या अविश्वासांतूनच निघाली. सॅन फ्रॅन्सिस्कोचे डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनीं १९७३ नंतर असें प्रतिपादन केलें कीं, खाद्यपदार्थांतील कृत्रिम रंग व स्वाद यांमुळें मुलें अतिचंचल होतात. स्वयंपाकघरांतच उपाय आहे म्हटल्यावर हजारों मातांना धीर आला. अमेरिकेंत त्यांचे संघ स्थापन झाले, आणि १९७७ सालीं इंग्लंडांतहि अशाच प्रकारची संस्था निघाली. काटेकोर चांचण्यांत फाइनगोल्ड यांचा मोठा दावा टिकला नाहीं. परंतु २००७ सालीं साउथॅम्प्टन येथील अभ्यासांत कांहीं कृत्रिम रंगांनीं सामान्य मुलांचीहि चंचलता थोडी वाढते असें दिसून आलें, आणि २०१० पासून युरोपीय संघांत अशा सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापणें बंधनकारक झालें. मातांनीं जें पाहिलें होतें तें अगदींच खोटें नव्हतें; पण जेवढें मानलें होतें तेवढें खरेंहि नव्हतें.

यापुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. १९८७ सालीं फ्लोरिडांतील प्लँटेशन या गांवीं कांहीं आईबाप आणि हार्वे पार्कर हे मानसशास्त्रज्ञ एकत्र आले. शाळेंत मुलाचा रोज अपमान होतो, आणि घरीं आईबाप एकमेकांस दोष देतात, हा त्या सर्वांचा सारखाच अनुभव होता. त्यांनीं चॅड या नांवाची संस्था स्थापन केली. गांवोगांवीं तिच्या शाखा निघाल्या. संध्याकाळीं शाळेच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या खोलींत जमावें, एकमेकांची हकीकत ऐकावी, तज्ज्ञाला बोलवावें, आणि शिक्षकांशीं काय बोलावयाचें तें ठरवावें, अशी या शाखांची साधी रीत होती. आपण एकटेच नाहीं एवढें कळल्यानें कित्येक मातांच्या मनावरचें ओझें उतरलें.

परंतु सांत्वन निराळें आणि हक्क निराळा. अमेरिकेंत १९७५ सालीं अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला होता, पण त्यांत अवधानन्यूनतेचें नांव नव्हतें. १९९० सालीं कायद्याची फेररचना होत असतां हें नांव त्यांत घालावें अशी मागणी आईबापांनीं केली. विरोध झाला, आणि तोहि क्षुल्लक नव्हता. शाळामंडळांना खर्चाची धास्ती होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या मंडळींना भीति वाटत होती ती वेगळीच: आमच्या मुलांवर आधींच वाटेल ते शिक्के मारून त्यांना निराळ्या वर्गांत टाकलें जातें, त्यांत हा आणखी एक शिक्का मिळेल. दोन्ही पक्ष मुलांच्याच हिताचें बोलत होते. काँग्रेसनें नांव घातलें नाहीं. शिक्षणखात्यानें लोकांचीं मतें मागवावीं एवढेंच ठरविलें.

मतें आलीं, आणि १६ सप्टेंबर १९९१ रोजीं शिक्षणखात्यानें तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सहीनें एक परिपत्रक काढलें. कायद्यांत नवें कलम न घालतां, जुन्याच कलमांतील आरोग्यविषयक इतर न्यूनता या शब्दांत हीं मुलें बसूं शकतात, आणि ज्यांना विशेष शिक्षणाची गरज नाहीं त्यांनाहि सामान्य वर्गांत योग्य सवलती मिळाल्या पाहिजेत, असा खुलासा त्यांत होता. पुढें १९९९ च्या नियमांत हें नांव स्पष्टपणें छापलें गेलें. पुढल्या बांकावर जागा, परीक्षेस जादा वेळ, मोठ्या कामाचे लहान भाग, लेखी सूचना, या गोष्टी दिसावयास किती किरकोळ! परंतु त्या मास्तरांच्या मर्जीवर न राहतां मुलाच्या हक्काच्या झाल्या, यांत सारें आलें.

या विजयानंतर लगेच चळवळीची परीक्षा झाली. १९९४ सालीं चॅडनें व मज्जारोगतज्ज्ञांच्या संस्थेनें सरकारकडे अर्ज केला कीं, मेथिलफेनिडेट हें कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या यादींतून काढून सौम्य नियंत्रणाच्या तिसऱ्या यादींत घालावें. दर महिन्याला नव्या चिठ्ठीसाठीं आईबापांची होणारी धांवपळ वांचावी हा हेतु त्यामागें होता. परंतु १९९५ सालीं सरकारच्या अमली पदार्थ खात्यानें दाखवून दिलें कीं, तें औषध बनविणाऱ्या सीबा-गायगी कंपनीनें १९९१ ते १९९४ या काळांत चॅडला ७ लाख ४८ हजार डॉलर दिले होते. त्याच वर्षीं दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानें ही गोष्ट घरोघरीं पोंचविली. शाखांत काम करणाऱ्या बहुतेक मातांना या पैशाची कल्पनाहि नव्हती. त्यांचें दुःख खरें होतें, त्यांचा अनुभव खरा होता. तरी तो अनुभव सांगणाऱ्या संस्थेच्या तोंडून आतां दुसऱ्याच कोणाचा आवाज निघतो आहे कीं काय, असा संशय उत्पन्न झाला. अर्ज मागें घेण्यांत आला. २००० सालापासून चॅड, औषधकंपनी व मानसरोगतज्ज्ञांची संस्था यांनीं संगनमतानें हा रोग निर्माण केला असे दावे कांहीं न्यायालयांत गुदरले गेले. ते टिकले नाहींत. परंतु पैसा कोठून येतो हें सांगितल्याशिवाय मुलाचा कैवार घेतां येत नाहीं, हा धडा मिळाला, आणि संस्था पुढें औषधकंपन्यांकडून येणाऱ्या रकमेचा हिशेब जाहीर करूं लागली.

औषधाचा खरा उपयोग किती, याचें उत्तर याच सुमारास अधिक स्पष्ट झालें. अमेरिकन सरकारच्या साहाय्यानें झालेल्या आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत ५७९ मुलांना चार गटांत वांटून १४ महिने उपचार दिले होते. काळजीपूर्वक दिलेल्या औषधानें मूळ लक्षणें सर्वांत अधिक कमी झालीं. आणि औषधाबरोबर आईबापांना व शिक्षकांना मार्गदर्शन मिळालें तेथें इतर अडचणींतहि मदत झाली. मात्र कांहीं वर्षांनीं गटागटांतला हा फरक उरला नाहीं. औषध उपयोगी आहे, पण तें एकदां दिलें कीं काम संपलें असें नाहीं, हाच या चांचणीचा अर्थ होय.

तोंवर मुलें मोठीं झालीं होतीं. वयाबरोबर हा विकार नाहींसा होतो, हा समज युटाहचे डॉ. पॉल वेंडर व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ पासूनच खोटा ठरवीत आणला होता. पुष्कळदां मुलाचें निदान होत असतां समोर बसलेल्या बापाला किंवा आईला स्वतःचेंच बालपण ओळखूं येई. अशा प्रौढांनीं आपल्या निराळ्या संस्था काढल्या. स्वप्नाळू, गबाळी, विसरभोळी अशा नांवांखालीं दबून गेलेल्या मुलींचा प्रश्न स्त्रियांनीं १९९० नंतर पुढें आणला. कारण शांतपणें खिडकींतून बाहेर पाहात बसणारी मुलगी वर्गाला त्रास देत नाहीं, आणि म्हणून ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. अमेरिकन सिनेटनें ७ सप्टेंबर २००४ हा दिवस या स्थितीच्या जाणिवेचा दिवस म्हणून जाहीर केला, आणि पुढें सबंध ऑक्टोबर महिना त्या कार्यासाठीं पाळला जाऊं लागला. आजवर दुसरे लोक ज्यांच्याविषयीं बोलत होते, तीं माणसें आतां स्वतः बोलूं लागलीं होतीं.

महाराष्ट्राचा या कथेशीं संबंध थोडा वेगळ्या वाटेनें येतो. वाचन, लेखन व गणित यांतील विशिष्ट अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेंत सवलती देण्याचा निर्णय या राज्यानें १९९६ सालींच घेतला, आणि या बाबतींत तें देशांत अग्रेसर ठरलें. पुढें केंद्राच्या २०१६ च्या दिव्यांग-हक्क कायद्यांत २१ प्रकारांची यादी झाली, तींतहि ही अक्षमता नांवानिशीं आली. अवधानन्यूनतेचें नांव मात्र त्या २१ प्रकारांत नाहीं. पुष्कळ मुलांत दोन्ही स्थिति एकत्र असतात, त्यांना पहिलीच्या आधारानें वाट मिळते. परंतु ज्याला वाचतां उत्तम येतें, गणित समजतें, आणि तरीहि उत्तरपत्रिका अर्धी कोरी राहते, अशा मुलाचे आईबाप त्या यादींत आपल्या मुलाला शोधतात आणि तें त्यांना सांपडत नाहीं. १९९० सालीं अमेरिकेंतील आईबाप ज्या जागीं उभे होते, तिच्याजवळच हे उभे आहेत.

त्यांनीं तोच मार्ग जसाच्या तसा गिरवावा असें नाहीं. शिक्क्याची भीति येथेंहि खरी आहे. घाईनें केलेलें निदान आणि शाळेच्या सोयीसाठीं मागितलेलें औषध हे धोके येथेंहि आहेत. परंतु त्या इतिहासांतून दोन गोष्टी निःसंशय घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं मुलाला मदत मिळाली ती वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचें वर्णन झाल्यानें नव्हे. क्रायटन यांच्या ग्रंथापासून त्या परिपत्रकापर्यंत १९३ वर्षें लोटलीं, आणि अखेरचीं चार वर्षें आईबापांनीं दारोदार हिंडून काढलीं तेव्हां तें घडलें. दुसरी ही, कीं असा कैवार घेणाऱ्यानें आपले हात स्वच्छ ठेवले पाहिजेत, कारण त्याच्यावरचा संशय शेवटीं मुलाच्याच पदरीं पडतो.

एखादी आई शाळेच्या दारांत उभी राहून, आपला मुलगा द्वाड नाहीं, त्याला पुढल्या बांकावर बसवा आणि थोडा अधिक वेळ द्या, एवढेंच सांगते, तेव्हां तिच्या हातांत कदाचित् कायद्याचें कलम नसेल. परंतु तें वाक्य तिच्याआधीं पुष्कळ मातांनीं उच्चारलें आहे, आणि एका देशांत तरी तें सरकारी परिपत्रकांत उतरलें आहे.